दर्शनी दात

माझा काका सोफ्यांना कापड लावतो. खचलेला सोफा आणून द्या, तो स्प्रिंगा बांधून, नवा फोम घालून, वर कापड ताणून परत देतो. कापड ताणायला एक हात आणि हातोडीला एक, म्हणून बारीक खिळे त्याने आयुष्यभर तोंडात धरले. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, ठोकायचा आणि मधल्या मध्ये गिऱ्हाइकाशी गप्पाही मारायच्या. खिळा कधी पोटात गेला नाही. दात मात्र गेले. आधी त्यांचे कोपरे उडाले, मग कीड लागली, मग दाढा एकेक करून काढाव्या लागल्या. "दुखणं गेलं, बरं झालं," असं म्हणून काका पुढच्या ठणक्यापर्यंत दवाखान्याचं नावही काढायचा नाही.

साठी उलटल्यावर वरचे समोरचे चार पडले, सुळे तेवढे उरले. त्या दिवसापासून काकाने काकूसमोर जेवणं सोडलं. दुपारचा डबा तो दुकानात नेऊ लागला आणि रात्री ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागला, दार लोटून. घरात दोघंच. लग्न झाल्यापासून ही दोघं त्या छोट्या टेबलावर गुडघ्याला गुडघा लावून जेवत आलेली. आता काकू एकटीच भिंतीकडे बघत जेवायची. मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी काकाला जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी नीट तपासलं. सगळे पक्के दात बसवायचा आकडा ऐकून काका खुर्चीतून उठायलाच निघाला. दुसरा मार्ग कवळीचा होता. "वर पूर्ण आणि खाली दाढांपुरती. खर्च बेताचा, आणि चावता येईल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे काढायची, धुवायची, परत घालायची?"

"हो, त्यात काय?"

"बायकोदेखत? नाही जमणार." मग काकाचं धंद्याचं डोकं चाललं. "तेवढ्याच पैशात समोरचे चार पक्के होतील का? मागचं राहू द्या."

"होतील, दोन सुळ्यांना जोडून, पण सगळा भार त्यांच्यावरच येईल. चावणार कशाने, काका?"

"बाई, सोफ्याला मी भारी कापड फक्त समोरून लावतो. मागची बाजू भिंतीला लागते, तिथे साधं कापड चालतं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही."

"तोंड म्हणजे सोफा नव्हे!" मी ओरडलेच. पण काका ऐकेल तर तो काका कसला.

चार दात बसले आणि सुंदर बसले, हे कबूल करायला हवं. काका उगाचच हसत सुटला. दुकानाच्या काचेत तोंड बघायचा, हिशेब सांगताना हसायचा, भांडताना तर जास्तच. दात बसले त्या रात्री काकूने टेबलावर दोन ताटं वाढली. काका आला, ताटाकडे बघितलं, छानसा हसला, आपलं ताट उचललं आणि आत गेला. दाढा नसल्याने तो सशासारखा पुढच्या पुढे कुरतडायचा, अर्धं बाहेर सांडायचं. ते तिला दिसू नये म्हणून परत दार लोटलेलं. दुसऱ्या दिवसापासून काकू पुन्हा एकच ताट टेबलावर ठेवू लागली.

वर्षभरात व्हायचं तेच झालं. दुकानात पावाचा कडक कोपरा तोडताना चारही दात सुळ्यांसकट हातात आले. कळल्यावर मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा काका तोंडावर रुमाल धरून बसला होता आणि काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"शोभा झाली," काका रुमालातून पुटपुटला. "चांगला दिसत होतो."

"दिसत होता हो," काकू म्हणाली. "पण समोर बसत कुठे होता? दात पडले म्हणून मी कधी काही बोलले? मी दोन वर्षं एकटी जेवतेय." तिचा आवाज चढला नव्हता; बोलता बोलता तिने तांब्या काकाच्या हातात दिला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दोन दिवसांनी काका आपणहून दवाखान्यात गेला. बाईंनी हप्त्याने पैसे घ्यायचं कबूल केलं. जखमा भरल्या, मापं झाली आणि कवळी आली. त्या रात्री मी तिथेच जेवायला होते. काका टेबलाशी येऊन बसला, मान खाली घालून. दोन घास खाल्ले, कवळी टकटक वाजली. तिसऱ्या घासाला हिरडी दुखली असावी, कारण त्याचा चेहरा पिळवटला. मला वाटलं, उठला हा आता. त्याने दाराकडे बघितलं, मग काकूकडे. आणि तिच्यादेखत तोंडातली कवळी काढून ताटाशेजारी बशीत ठेवली. गाल आत गेले, ओठ मिटले, एकाएकी दहा वर्षांनी अधिक म्हातारा दिसू लागला.

काकूने ती बशी जरा बाजूला सरकवली, ताटाला जागा केली आणि विचारलं, "मऊ भात आहे, वाढू?"