हरलेल्याचं जेवण

पट्टेवाले हरले की दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आंघोळ करून धुतलेला पांढरा सदरा घालायचे, टोपी सारखी करायचे आणि शालिग्रामकाकांकडे जेवायला निघायचे. सदरा पाहून नवख्या माणसाला वाटे, कुणाकडे तरी पंगत आहे. चेहरा पाहिला की तोच माणूस आवाज खाली आणून विचारी, "कोन गेलं हो?" मोठेबाबा नुसती मान हलवत. जेवण होईपर्यंत बोलायचं नाही असा नियम होता आणि त्यांच्यापुरता तो आमच्या उंबऱ्यापासूनच लागू व्हायचा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या भागात थोरल्या काकाला असंच म्हणतात. धामणगाव बढ्यात एसटी थांबते तिथे आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. म्हातारपणी ते दुकानातल्या बाकावर बसत. शेजारी शालिग्रामकाका असत. गावात पोरासोरांपासून सगळे क्रिकेटवाले, मीही त्यातलाच. फुटबॉलवर बोलणारी माणसं ही दोनच आणि तीही एकमेकांविरुद्ध. पट्टेवाले हा मोठेबाबांचा संघ, त्यांच्या अंगात उभ्या पट्ट्यांचा सदरा असे. काकांचा संघ पिवळ्यांचा. दोन्ही कोलकात्याचे. संघांची खरी नावं या दोघांनी कधी घेतली नाहीत, म्हणून मीही घेत नाही.

एवढ्या लांबच्या संघांशी यांचं नातं संत्र्यांनी जोडलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांमधली संत्री कोलकात्याला जात आणि ज्या व्यापाऱ्याचा माल जाई त्याची माणसं म्हणून हे दोघे तरुणपणी तिकडे राहत. माल उतरवून घ्यायचा, नासका वेगळा काढायचा, विकून संपला की मलकापूरला, आमच्या जवळच्या स्टेशनला, थांबणारी गाडी धरायची. एकदा मंडी बंद होती म्हणून दोघे मॅच पाहायला गेले. तिकिटाच्या गर्दीत त्यांची ताटातूट झाली आणि जो ज्या रांगेत ढकलला गेला त्या बाजूच्या गॅलरीत जाऊन बसला. मोठेबाबांच्या बाजूला पट्टेवाल्यांचे लोक होते, काकांच्या बाजूला पिवळ्यांचे. "माह्या शेजारी एक दांडगा मानूस होता," मोठेबाबा सांगत. "तो ओरडला का मीही ओरडलो. नाही तं त्यानं मले खाली फेकलं असतं." भीतीपोटी सुरू झालेलं हे प्रेम पुढे जन्मभर टिकलं. मी कित्येक लग्नं याहून कमी कारणावर जमलेली आणि याहून कमी टिकलेली पाहिली आहेत.

त्या दिवशी पट्टेवाले हरले. संध्याकाळी मंडीत शालिग्रामकाकांनी खिचडी टाकली आणि मोठेबाबांना हाक मारली. मोठेबाबा रुसून पेट्यांच्या मागे बसले होते. काका म्हणाले, "जेवाले ये बे. तू नोको बोलू, मी बोलतो." तिथून ही रीत पडली. या दोन संघांची आपसात मॅच झाली की जिंकणाऱ्याने जेवू घालायचं, हरणाऱ्याने त्याच्या घरी जायचं आणि ताट रिकामं होईपर्यंत तोंड फक्त घासापुरतं उघडायचं. जिंकणाऱ्याने वाट्टेल ते बोलावं. बरोबरी झाली तर दोघे आपापल्या घरी जेवत आणि जेवणात दोघांचंही लक्ष नसे. पुढे कोलकाता सुटलं, लग्नं झाली, शेती पाहायला लागले, पण रीत सुटली नाही. आधी बातमी रेडिओवर येई, मग पेपरात, मग टीव्हीवर आणि शेवटी माझ्या मोबाइलवर.

जुन्या पट्टेवाल्यांबद्दल मोठेबाबा बोलायला लागले की आमच्या दुकानात बियाण्याच्या पिशव्या घ्यायला आलेला माणूस पिशव्या विसरून बसायचा. बंगाली नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी खेळाडूंना घरगुती नावं दिली होती. मधल्या फळीत 'मास्तर' होता, कारण तो खेळताना सारखं बोट दाखवायचा. गोलकीपर 'पहिलवान'. उजवीकडून धावणारा एक बारकेला पोरगा होता, त्याला ते 'चिमनी' म्हणत. "आमच्या येळचा संघ पाहाले पाह्यजे होता," हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. "गाडीतून पेटी उतरवतो ना आपन, तसे खेळत. हाती आली का पुढच्याले दे. छातीशी धरून उभं राह्यलं का मागचा खोळंबते." मला फुटबॉलातलं जे थोडंफार कळतं ते या एका वाक्यापुरतं.

पण जुनं ते सगळं सोनं आणि आताचं सगळं माती असं म्हणणाऱ्यातले ते नव्हते. नव्या संघाची मॅच मोबाइलवर पाहताना म्हणत, "हे पोरं आमच्या चिमनीपेक्षा जास्त धावतेत. खोटं काऊन बोलू?" परदेशातून आणलेल्या खेळाडूंबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. आपणही परक्या गावात संत्री विकून पोट भरलं, असं ते म्हणत. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. "आमच्या येळचे हारले का गॅलरीपुढं येऊन उभे राहत. मान खाली, पन उभे राहत. लोक शिव्या देत, ते ऐकून घेत. हे आताचे शिट्टी वाजली का सरळ आत जातेत. हारल्यावर तोंड दाखवलं पाह्यजे बाप्पा. जिंकल्यावर तं कोनीही दाखवते."

हे बोलणं त्यांनी फुटबॉलपुरतं ठेवलं नाही, ही आमच्या घराची खरी अडचण होती. एकदा ते गावच्या शेतकरी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि सणकून पडले. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून निवडून आलेल्या माणसाच्या दारात हजर. त्या बिचाऱ्याला वाटलं, हे भांडायला आले; त्याने घाईघाईने भावांना बोलावून घेतलं. मोठेबाबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "जेवाले आलो." त्या घरात स्वयंपाक व्हायचा होता. शेवटी त्यांनी चहासोबत शेव दिली, ती मोठेबाबांनी मुकाट्याने संपवली आणि ते घरी आले. माझ्या वडिलांना चार दिवस गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. मोठेबाबांना मात्र मोकळं वाटत होतं.

पुढे पट्टेवाल्यांचा संघ एका कंपनीने घेतला. नाव बदललं, मालक बदलले आणि सदऱ्यावरचे पट्टेही गेले. टीव्हीवर तो कोरा सदरा पाहून मोठेबाबा उठून गोठ्यात गेले. त्यानंतरच्या मॅचमध्ये तो संघ पिवळ्यांकडून हरला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मोठेबाबा बाकावरच. शालिग्रामकाकांकडून निरोप आला, भाकरी थंड होऊन राहिली आहे. मोठेबाबांनी उलट निरोप पाठवला की हरला तो कंपनीचा संघ आहे, माझे पट्टेवाले आता नाहीत, मग मी कशाला येऊ.

शालिग्रामकाका स्वतः आले. उन्हात चालत आले होते, धाप लागली होती. बाकावर बसले नाहीत, समोर उभे राहिले.

"कंपनी आली, कबूल. पट्टे गेले, तेही कबूल. मले फक्त एक सांग. काल हे जिंकले असते, तं तू मले जेवाले बोलावलं असतं का नाही?"

मोठेबाबा समोरच्या एसटीकडे पाहत म्हणाले, "बोलावलं असतं."

"मंग ऊठ."

मोठेबाबा घरी गेले, आंघोळ केली, सदरा बदलला आणि गेले. हा वाद गावात कुणाला कळलाही नसता, पण मी तेव्हा दुकानात होतो आणि मला तो अजून पुरतो आहे. आपलं माणूस, आपलं गाव, आपला पक्ष ओळखू येईनासा झाला की मी स्वतःला काकांचा तो प्रश्न विचारतो. उत्तर दर वेळी सोयीचं येतंच असं नाही.

शालिग्रामकाका एका सकाळी चहा घेता घेता गेले. मोठेबाबा स्मशानातून आले आणि बाकावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. काकांची जागा त्यांनी कुणाला दिली नाही, मालाची खोकी ठेवायलाही नाही. त्यांचं बोलणं कमी झालं. मी मुद्दाम पट्टेवाल्यांचा विषय काढायचो, पण ते म्हणत, "तुले काय समजते त्यातलं?" ते खरंच होतं. त्यांना ऐकणारा नको होता, उलटून बोलणारा हवा होता आणि तो त्या जिल्ह्यात उरला नव्हता. मला तेव्हा त्यांची भीती वाटायची. हा माणूस असाच गप्प होत होत संपेल असं वाटायचं.

काही महिन्यांनी दोन्ही संघांची मॅच झाली. पट्टेवाले हरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मोठेबाबा पांढरा सदरा घालून दारात, चपला शोधत.

"आता कुठं?" मी विचारलं.

"हारलो ना," ते म्हणाले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

त्यांना नीट दिसत नसे, म्हणून मीही सोबत गेलो. सुमनकाकू, म्हणजे शालिग्रामकाकांच्या पत्नी, एकट्याच होत्या. मुलगा पुण्याला असतो. काका गेल्यापासून त्या कुणाकडे जात नव्हत्या, फारसं बोलत नव्हत्या, एक वेळचं करून दोन वेळ खात होत्या. मॅच झाली हे त्यांना कुठून माहीत असणार? मोठेबाबा ओसरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आम्ही हारलो, वहिनी."

काकू उठल्या. मग पदर खोचला आणि आत गेल्या. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, ठेचा वाटला. ताट आलं. मोठेबाबा खाली मान घालून जेवायला लागले. घरात भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज. मला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मोठेबाबांनी हातानेच मला गप्प केलं.

काकू चुलीजवळ उभ्या होत्या. दुसरी भाकरी वाढायला आल्या आणि वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या पट्टेवाल्याईचं नेहमीचंच हाये भाऊजी. पहिल्या अर्ध्यात लय उड्या मारतेत. मंग दम लागते."

मोठेबाबांचा हात ताटात थांबला. हे वाक्य काकांचं होतं. शब्दन्‌शब्द त्यांचं. इतकी वर्षं चुलीशी बसून काकूंनी ते ऐकलं होतं, आणि आपण ऐकतो आहोत हे कुणाला कळूही दिलं नव्हतं.

"अन् तो गोलकीपर," काकू पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. "बाल यायच्या आधीच झोपते. त्याले म्हना, घरी जाऊन झोप." मग त्या मास्तरवर आल्या, चिमनीवर आल्या. ती माणसं केव्हाच खेळायची थांबली होती, काहींची तर नातवंडं शाळेत जात असतील. पण काकूंनी एकालाही सोडलं नाही. बोलता बोलता त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. मोठेबाबांनी वर पाहिलं नाही. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि ते जेवत होते. त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले. मी त्यांना एवढं जेवताना फार दिवसांनी पाहिलं.

निघताना मोठेबाबा उंबऱ्यात थांबले. आता बोलायची परवानगी होती. "वहिनी, पुढच्या बारीले आम्ही जिंकलो तं तुम्हाले यावं लागन."

"येईन ना. मी का भेते?" काकू म्हणाल्या.

पुढच्या वेळी पट्टेवाले जिंकले नाहीत. त्याच्या पुढच्या वेळीही नाहीत. त्या काळात मोठेबाबा पिवळ्यांकडून हरायला अगदी तयार झाले होते, असा मला संशय आहे. काकूंनी माझ्याकडून मोबाइलवर मॅच लावून घ्यायला सुरुवात केली आणि त्यांची टीका ताजी होत गेली. गावातल्या बायका त्यांना हसल्या. काकूंनी त्यांनाही पिवळ्यांचे डाव समजावून सांगितले. मोठेबाबा पुन्हा बाकावर बसून बोलायला लागले, आताच्या संघाला शिव्या द्यायला लागले, आणि आमचं दुकान पुन्हा पूर्वीसारखं गजबजलं.

यंदा कापूस वेचणीला आला आणि मोठेबाबा गेले. आजारपण थोडकं होतं. कुणाला त्रास दिला नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, बाकाकडे पाहायचं मी टाळायला लागलो.

त्यानंतर एका दुपारी आम्ही नवरा-बायको जेवायला बसणार एवढ्यात दारात सुमनकाकू आल्या. ठेवणीतलं पातळ नेसलेल्या, केस विंचरलेले. मला वाटलं, पुण्याला मुलाकडे निघाल्या असतील आणि सांगायला आल्या असतील.

"आम्ही हारलो," त्या म्हणाल्या आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

मी मॅच पाहिली नव्हती. पट्टेवाले इतक्या दिवसांनी जिंकले आणि ते सांगायला घरात मोठेबाबा नव्हते. आमच्या हिने गॅस पेटवला. ताट वाढलं गेलं, काकूंसमोर ठेवलं. काकू हात लावेनात. माझ्याकडे पाहत बसल्या. मग माझ्या ध्यानात आलं की जिंकलेल्याने बोलायचं असतं आणि या घरात जिंकलेला आता मीच आहे. मला कोण कुठे खेळतो हे माहीत नाही, गोल कुणी मारला हे माहीत नाही. काय बोलावं?

मी काकूंच्या समोर बसलो.

"काकू," मी म्हणालो, "आमच्या येळचा संघ पाहाले पाह्यजे होता."

काकूंनी खाली मान घातली आणि पहिला घास मोडला.