गौरीचं लक्ष

"उडालं! पुन्हा उडालं! भाऊ, वेळ लिहा, चार सतरा!" माझे साडू असे ओरडले की शेजारच्या म्हाताऱ्या खाला गच्चीवरचे पापड टाकून खाली पळाल्या, त्यांना वाटलं, आग लागली. झालं होतं एवढंच, की साडूंच्या पाचवीतल्या लेकीनं, गौरीनं, वहीतून मान वर केली होती. तीही बापाचा मोबाइल वाजला म्हणून.

लेकराच्या एकाग्रतेसाठी इतका गोंगाट करणारा माणूस अख्ख्या नांदेडात दुसरा नाही. असता तरी साडूंनी त्याला बोलू दिलं नसतं. खिडकीतून चिमण्या दिसतात म्हणून त्यांनी काचांना पेपर चिकटवले. पोरगी पेपर वाचायला लागली, तर वरून काळा रंग फासला. खोलीत एकाग्रतेचे सात तक्ते, टिकटिकणारं घड्याळ आणि स्मरणशक्तीचे धडे देणारा टीव्ही, अखंड चालू. शिकवण्या सहा. खेळणं बंद. "खेळल्यानं ध्यान फाटतं," हे सुभाषित पालकांच्या ग्रुपवर टाकणारे तेच आणि त्याला अंगठा देणारेही तेच. एकदा जेवताना भाकरीऐवजी मोबाइलच वरणात बुडवला आणि वर पोरीलाच झापलं, "तुझ्या काळजीनं माझं ध्यान राहीना गेलं!"

शेवटी फर्मान निघालं : लातूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, त्यांनी हात टेकले, तर दिवाळीनंतर गौरी तिथल्याच वसतिगृहात. तेव्हापासून पोरगी धड जेवेना. बाईंनी फोनवर आधीच सांगितलं होतं, लक्ष कधी उडतं ते लिहून आणा. साडूंनी दोनशे पानी वही भरून नेली. मीही सोबत होतो. बाई वाचू लागल्या, "मी हाक मारली तेव्हा. मला फोन आला तेव्हा. मी हाक मारली तेव्हा..." तेवढ्यात साडूंचा मोबाइल वाजला. ते बाहेर जाऊन, बोलून, परत आले.

"हिला वसतिगृह नको," बाई म्हणाल्या. "रोज अर्धा तास तुम्ही हिच्याजवळ बसा. मोबाइल न घेता. गप्प."

गौरीनं हळूच माझा हात धरला.

लातूरच्या बसस्टँडवर साडूंनी खरोखर मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. मग हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. बाकावर लेकीजवळ सरकत ते म्हणाले, "बोल माय, आता तुझंच ऐकतो."

गौरीनं त्यांच्या रिकाम्या, चुळबुळत्या हातांकडे पाहिलं.

"राहू द्या पप्पा. तुम्ही मोबाइल बघा."