शेताची नोकरी

नऊ वर्षं मी वास घ्यायचं काम केलं. लोकांना हे थट्टेचं वाटतं, पण खरंच तसं आहे. मानकोलीच्या नाक्यापासून आत गेलं की गोदामांची रांग लागते. त्यातल्या एका गोदामात परत आलेल्या मालाचं टेबल असतं आणि त्या टेबलापाशी मी उभी असायचे. लोक घरबसल्या कपडे मागवतात, आणि नको झाले की परत पाठवतात. ते पाकीट फोडायचं, कपडा झटकायचा, कॉलर बघायची, काखेपाशी नाक न्यायचं आणि ठरवायचं, की हा नुसता अंगाला लावून बघितलाय की घालून मिरवलाय. कोरा असेल तर डावीकडच्या पेटीत, वापरलेला असेल तर उजवीकडच्या. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये म्हणतात, मला त्याचाच पगार मिळायचा.

पहिली दोन-तीन वर्षं मला हे काम आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. नवरात्र संपली की घागरे परत यायचे. नऊ दिवस नाचून झालं, आता म्हणे माप बसत नाही. लग्नसराईनंतर शेरवान्या यायच्या, एकीच्या खिशात तर अक्षता निघाल्या. एका बाईने पिवळी साडी परत पाठवली होती. हळदीला नेसली असणार. पिवळ्यावर पिवळा डाग दिसायचा नाही, हे तिने बरोबर हेरलं होतं, पण हळदीचा वास कुठे जातो? कारण लिहिलं होतं, रंग आवडला नाही. त्या दिवशी आमची सगळी ओळ हसून हसून बेजार झाली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक भाभी होती. नवरा भिवंडीत यंत्रमागावर, मूळ गाव उत्तर प्रदेशात बस्तीकडचं. ती म्हणाली, "दीदी, आपकी नाक को तो पुलिस में होना चाहिए।" मी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

आता ही नोकरी मला मिळाली कशी, ते सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच आहे. गोदाम उभं आहे ती जमीन आधी आमची होती. आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची आणि त्यांच्या भावकीची. भाताची खाचरं होती, एका अंगाला खाडी. जमीन दिली तेव्हा गावकीच्या बैठकीत ठरलं, की ज्याची जमीन गेली त्याच्या घरटी एक माणूस गोदामात कामाला लागेल. तो सुटला तर त्याच घरातला दुसरा लागेल. आणि घराने माणूस दिला नाही, तर ती जागा गेली. तसं एक पत्रही मिळालं. सासऱ्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर कपाटात ठेवलं. ते ठासून सांगायचे, "ही नोकरी कंपनीची न्हाय. आपल्या शेताची हाय. शेत गेला तो गेला, नोकरी जायला नको."

आधी त्या जागेवर माझा नवरा लागला. त्याला दोन वर्षांत चार भिंतींचा कंटाळा आला आणि त्याने टेम्पो घेतला. आता दापोड्याहून माल भरतो आणि खुशाल हिंडतो. त्याने सोडली त्याच आठवड्यात सासरे मला म्हणाले, "तू जा. बाईमानूस टिकून ऱ्हातं." मी गेले आणि त्यांचं म्हणणं खरं केलं.

संध्याकाळी मी घरी आले की ते ओट्यावर बसलेले असायचे. विचारायचे, "आज कुठं व्हतीस? खाडीच्या बाजूला का बांधाच्या?" गोदामात ना खाडी ना बांध, पत्र्याचं छप्पर आणि पांढरे दिवे. पण मी मनातल्या मनात अंदाज बांधून सांगायचे, खाडीच्या बाजूला. मग ते मान डोलवायचे आणि तिथे पाणी किती साचायचं, रोप कसं कुजायचं, ते सांगायचे. मला ऐकायला बरं वाटायचं. नंतर नंतर पाय इतके दुखायला लागले, की ते बोलत असतानाच मी आत निघून जायचे.

कामातला रस कधी गेला, त्याची काही तारीख नाही. आधी टेबलासमोर टीव्हीसारखा पडदा लावला. त्यावर प्रत्येकीचा आकडा दिसायचा, एका तासात किती पाकिटं. हसायचं नाही असं कोणी लिहून लावलं नव्हतं, पण हसलं की आकडा मागे पडायचा आणि सुपरवायझर येऊन शेजारी उभा राहायचा. मग आम्ही हसेनासे झालो. हळद, अत्तर, घाम, धुपाचा वास, सगळं मला एकसारखंच यायला लागलं. कोणाची साडी, कुठे नेसली असेल, याचं मला काही वाटेना. एकदा घरी डाळ करपली आणि मी चुलीपाशी उभी असून मला कळलं नाही. मुलगी धावत आली. म्हणाली, "आई, तुला वास येत न्हाय?" मी म्हटलं, नाक ड्युटीवर ठेवून आले. ती हसली, पण मला रडायला आलं होतं.

रविवारी दुपारपासूनच सोमवार डोळ्यांपुढे यायचा. जेवण जायचं नाही. सोमवारी सकाळी गेटवर सिक्युरिटीच्या बाईने अंग चाचपलं, मोबाइल पेटीत टाकला, की मग उलट बरं वाटायचं. आता आठ तास आपण कोणी नाही, असं. दिवस ढकलायच्या माझ्या काही युक्त्या होत्या. दुसऱ्या चहापर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही. जवळचं सोडून पार टोकाच्या बाथरूमला जायचं, म्हणजे तेवढं चालणं होतं. भाभी आणि मी ठरवून एकमेकींना भाज्या सांगायचो. ती तिच्या गावची, मी माझ्या माहेरची. ओठ न हलवता बोलायला आम्ही दोघी शिकलो होतो. पण असल्या युक्त्यांनी महिना जातो, वर्षं जात नाहीत.

भाभीने एकदा विचारलंच, "हम तो मजबूरी में खड़े हैं। आपका अपना गाँव, अपना घर, आदमी कमाता है। आप क्यों नहीं छोड़ देतीं?" मी तिला शेताचं सांगितलं. तिला ते काही पटलं नाही. पण तेव्हा मला सोडायचीच होती, आणि मी मनाशी पक्कं केलं होतं. त्याच सुमाराला मुलगी बारावी झाली.

तिला औषधशास्त्राची पदविका करायची होती, कल्याणच्या कॉलेजात. घरात तेच बोलणं चाललं होतं. मी भाकऱ्या थापत होते. पाय सुजले होते म्हणून मध्येच पाटावर बसले. सासऱ्यांनी ते बघितलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "थकलीस तं पोरीला बसव की तुझ्या जागेवर. दारात नोकरी असून कल्यानला कशाला पायजे?"

नवरा ताटात बघत होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मला अजून दिसतात. मी पाटावरून उठले आणि म्हटलं, "मी कुठं थकले? बसले जरा." त्या क्षणी मी ठरवलं, की पोरीच्या हातात काहीतरी पडेपर्यंत ही जागा मी अडवून ठेवणार. मी उभी आहे तोवर तिला कोणी त्या टेबलाशी उभं करणार नाही. घरात त्यानंतर तीन वर्षं मी थकले हा शब्द उच्चारला नाही. पाय दाबायचे ते सुद्धा दार लावून. ताप आला तरी गोळी घेऊन गेले. लोक म्हणायचे, बाई कामाला वाघ आहे. वाघ कसला, मला रोज सकाळी उठून गेटपर्यंत जायचीसुद्धा भीती वाटायची.

त्याच पावसाळ्यात गोदामात मालक बदलल्याची कुजबुज झाली होती. आम्हाला ओळीने बोलावून कागदांवर सह्या घेतल्या आणि ओळखपत्राची गळ्यातली निळी पट्टी काढून हिरवी दिली. भाभीने मला विचारलं, काय लिहिलंय. मी तिला सांगितलं, काही नाही, पट्टी बदललीय. मला मराठी, हिंदी चांगलं वाचता येतं. कागद इंग्रजीत होता.

तीन वर्षांनी मुलीला ठाण्याच्या एका रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर काम मिळालं. पत्र आलं त्या रात्री मला अशी झोप लागली, की डोळे थेट सकाळी उजाडल्यावर उघडले. मी घरात जाहीर केलं, आज मी अर्ज देणार. सासरे म्हणाले, "मंग आपल्या जागेवर कोन?" मी म्हटलं, बघू. अर्ज मी आदल्या रविवारीच लिहून ठेवला होता. आमच्या घरची जागा मी राजीखुशीने सोडत आहे, आणि आमच्या घरातून या जागेवर कोणालाही घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शेवटच्या ओळीखाली मी रेघ मारली होती.

ऑफिसात एक तरुण साहेब बसतो. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ताई, कुठली घरची जागा?"

मी त्याला बैठकीचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. तो बिचारा सभ्य होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग संगणकात बघून म्हणाला, "ते जुन्या मालकांबरोबर होतं. तीन वर्षांपूर्वी सगळे कॉन्ट्रॅक्टरकडे गेले. तुमची सही आहे ना इथे. आता जागा-बिगा कोणाच्या नावावर नाही."

"मग मी तेव्हाच सोडली असती तर माझ्या मुलीला बोलावलं नसतं?"

"मुलीला कशाला बोलावतील? जी रांगेत असेल ती लागली असती." त्याने अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "याची पण गरज नाही, ताई. यायचं बंद केलं तरी चालतं."

मी परत टेबलाशी आले. भाभीने भुवया उडवून विचारलं. मी पुढचं पाकीट ओढलं. पाकीट फोडलं, कपडा झटकला, कॉलर बघितली. तीन वर्षं मी दारात आडवी पडून राहिले होते आणि त्या दारातून कोणी आत येणारच नव्हतं. मला वाटलं, आत्ता इथेच खाली बसावं आणि मोठ्याने रडावं. पण मी शिफ्ट पुरी केली. इतक्या वर्षांची सवय.

घरी आले तर सासरे ओट्यावर. आज कुठे होतीस, हे विचारलं नाही. म्हणाले, "दिलास अर्ज? कोनाला बसवनार आपल्या जागेवर?"

येताना रस्ताभर मी त्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत आले होते. तुमचं ते पत्र चुलीत घाला, इथपर्यंत. पण म्हातारा माणूस, पायरीवर चप्पल नीट लावून बसलेला. शेत गेलं तरी जागा आहे, एवढ्यावर इतकी वर्षं काढलेली. माझ्या तोंडून निघालं, "कोणालाच नाही, बाबा. आपल्या नावाची जागा तशीच ठेवणार म्हणाले."

त्यांना बरं वाटलं. जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग रिकामी कशाला ठेवाची? उंद्यापासून तूच जा परत."

हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. दया दाखवायला गेले आणि परत त्याच टेबलाशी. आणि मग काय झालं कोण जाणे, तीन वर्षं दाताखाली धरलेला शब्द सुटला. "बाबा, मी थकले," मी म्हटलं. "मला ते काम सोसवत नाही. कधीपासूनच सोसवत नाही."

ते पायऱ्या उतरायला हात टेकून उठू लागले, पुन्हा बसले. म्हणाले, "थकलीस तं ऱ्हा घरी. आधी का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर पोरीला बसवलं असतं तुम्ही. तुम्हीच म्हणाला होता."

"मी? कवा?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी पाटाची, भाकऱ्यांची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ते आपला बोलायचा म्हनून बोललो असंन. शिकलेली पोर मी त्या पाकिटांत धाडनार व्हतो का?"

खरं बोलत होते, की पोरगी आता ठाण्याला लागली म्हणून तसं वाटत होतं, देव जाणे. मी विचारलं नाही. आत जाऊन पाय वर घेऊन बसले, दार उघडं ठेवून. इतकं सोपं होतं ते, याचाच मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त राग आला.