खारीच्या पोराचा आवाज

अकरा वर्षं बाई कार्टूनमधल्या खारीच्या पोराला आवाज देत होत्या. बापाचा आवाज देणारा गृहस्थ मात्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. डबिंगला ज्यानं त्यानं काचेच्या खोलीत एकट्यानंच बोलायचं. हेडफोनमधून त्याचं "काय रे लबाडा?" तेवढं रोज कानात पडायचं.

परवा स्टुडिओच्या लिफ्टमध्ये एका पिकल्या केसांच्या माणसानं विचारलं, "कितवा मजला?"

बाईंनी तो आवाज लगेच ओळखला. बाबा!

"तिसरा," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बाईंचा स्वतःचा आवाज त्यानं ऐकलाय कशाला कधी!

तिसऱ्यावर बाई उतरल्या. दार मिटल्यावर खारीच्या पोराच्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, थांबा ना!"

आणि सवयीनं, त्याच्या वाक्यापुरती जागा सोडून गप्प उभ्या राहिल्या.