पानभर रेघा

मुलं मार्गी लागली आणि बायकोने पन्नाशीत लॉ कॉलेजात नाव घातलं. सोमवारी वर्ग सुरू होणार, म्हणून आज सकाळपासून ती करार कायद्याचं जाडजूड पुस्तक, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसली आहे. डोकावून पाहिलं, तर पानावरची एकूणएक ओळ अधोरेखित!

"अगं, सगळंच कसं महत्त्वाचं असेल?" मी हसलो.

"अहो, काय सोडून द्यायचं ते अजून कुठे कळतंय मला!" पट्टीवरचं बोट न उचलता ती म्हणाली.

लग्नानंतर वर्षभर माझा शब्द न् शब्द ती असाच मनावर घ्यायची. आता बरंच सोडून देते, म्हणून तर इथवर आलो.

मी गुपचूप तिच्या दुसऱ्या पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.