सासूबाईंची चांगली दाढ

लवंगेचा वास आला, की आजही माझी मान खाली जाते. निजामाचं राज्य होतं, मी पहिलटकरीण. सुईणीवर भागवण्याऐवजी सासूबाईंनी मला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरवलं. पण पाचवा लागेपर्यंत पोटाची गोष्ट गावात फोडायची नसे. म्हणून त्यांनीच गालाला फडकं बांधलं, दाढेखाली लवंग धरली आणि दाढदुखीचं सोंग घेतलं.

जनाना दवाखान्यात नेमक्या गावातल्याच दोघी बसलेल्या. "कोणाला दाखवायचंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी लाजून पदरात तोंड लपवलं. सासूबाईंनी त्या दोघींकडे पाहिलं आणि आपला जबडा उघडला.

मला न दाखवताच आम्ही परतलो. बैलगाडीतून रक्त थुंकत त्या म्हणाल्या, "पुन्हा येऊ तवा तूच बोल, बाई. माझ्या तोंडात आता दात लई न्हाईत."