तिसरी गोष्ट

‘सुरक्षित स्पर्श’ या विषयावर मुलांचा कार्यक्रम घ्या, असा वरून कागद आला आणि आमच्या शाळेच्या समितीनं सगळ्यात आधी फ्लेक्स छापायला टाकला. कोरेगाव तालुक्यातल्या या गावात फ्लेक्सशिवाय बारसंसुद्धा होत नाही. त्यावर गावातल्या सतरा पुरुषांचे फोटो होते, दोघे गॉगल लावलेले. विषय खाली कोपऱ्यात, जेमतेम वाचता येईल इतका.

बोलायचं मला होतं, कारण शाळेत बाई मी एकटीच, तिसरीच्या वर्गाची. शरीराचा तक्ता आणला, तर मुख्याध्यापकांनी त्याच्या मधल्या भागावर पांढरा कागद चिकटवून टाकला. म्हणाले, “बाई, समोर बायका बसणार हायत.” ही सगळी पोरं त्या बायकांनीच जन्माला घातली होती, पण ते सांगायची सोय नव्हती. कार्यक्रमात पंख्याच्या वाऱ्यानं तो कागद फडफडायला लागला आणि सगळी शाळा श्वास रोखून तिकडंच बघत बसली. शेवटी मी वैतागून तो ओढून काढला. खाली चड्डीचं चित्र होतं.

मग तासभर मी पोरांकडून घोकून घेतलं. नको वाटेल असं कुणी जवळ ओढलं, हात लावला, तर मोठ्यानं ‘नको’ म्हणायचं. तिथून निघून यायचं. आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं, तो माणूस ओळखीचा असला, घरातला असला तरी. पोरं ओरडून ओरडून घामाघूम झाली. मला माझाच अभिमान वाटला.

त्यानंतर सत्कार. अध्यक्ष होते गावातले निवृत्त सुभेदार, सगळ्यांचे आजोबा. चित्रकलेत पहिली आलेली माझ्या वर्गातली मुलगी बक्षीस घ्यायला वर गेली. आमच्याकडं बक्षीस नुसतं हातात देत नाहीत, लहान पोराला मांडीवर घेऊन फोटो काढतात. आजोबांनी तिला उचलायला हात पुढं केले.

“नको,” ती म्हणाली, माईकमध्ये ऐकू जाईल एवढ्यानं. मग स्टेजवरून उतरली, सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, “बाई, मला मांडीवर बसायचं न्हाई.”

तिन्ही गोष्टी, त्याच क्रमानं. सुभेदारांचे हात तसेच पुढं. फ्लेक्सवरचे बरेचसे लोक पहिल्या रांगेत प्रत्यक्ष बसलेले, सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी, तासभर घसा फोडलेली बाई, हसून म्हणाले, “अगं, आजोबाच आहेत. फोटोपुरतं बस.”

ती गेली. बसली. फोटो छान आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार शाळेत हजर. मला वाटलं, तक्रार करणार. मी माफीची वाक्यं जुळवायला लागले. ते उभ्या उभ्याच म्हणाले, “आवं बाई, पोरीनं शिकवल्याबरहुकूम केलं की. मला जरा लागलं, ते माझं मी बघंन. पण तुमीच हुकूम दिला आन् तुमीच फिरवला. असं केलं की शिपाई परत ऐकत न्हाई.” एवढं बोलून ते चहाही न घेता गेले.

मला इतकी लाज वाटली की हजेरी घ्यायची राहून गेली. मी वर्गासमोर उभी राहून त्या मुलीला म्हणाले, “काल तू बरोबर होतीस. माझं चुकलं.” बाईंचं चुकलं, हे ऐकून पोरांना फार मजा आली. मागच्या बाकावर टाळ्याही पडल्या.

ती हसली नाही. तिनं विचारलं, “मग परत तसं झालं तर तुमाला सांगू, का दुसऱ्या कुणाला?”

“मलाच सांग,” मी म्हणाले.

तिनं दप्तरातून चित्रकलेची वही काढली. मग म्हणाली, “बघते.”